सहा पाती, आठ पाती, पंधरा पाती : त्रिपुरारीच्या दिव्यांसाठी कोणती लेन्स?

वाळवंटीकाठ (साखळी)

नमस्कार मंडळी,

माझ्या बाबांचा साखळीच्या बाजारात फोटो स्टुडिओ होता. शाळेची ओळखपत्रं, लग्नं, मुंजी, बारशी, आणि दर कार्तिकात विठ्ठलापूरची त्रिपुरारी पौर्णिमा, नदीत दिव्यांच्या होड्या सोडतात ती. त्या रात्री ते दुकान लवकर बंद करून घाटावर जात आणि मी त्यांचा स्टँड धरून मागे मागे. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचं लोखंडी कपाट मी या चतुर्थीनंतर पहिल्यांदा नीट उघडलं.

चामड्याच्या पिशव्यांतून तीन जुन्या मॅन्युअल लेन्स निघाल्या, तिन्ही एम४२ स्क्रूच्या, म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्यांना आट्यांनी फिरवून बसवायच्या. एक हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ/२. दुसरी पेंटाकॉन ऑटो ५० मिमी एफ/१.८. तिसरी पेंटाकॉन १३५ मिमी एफ/२.८, जड, हातात घेतली की मनगटाला कळते. अ‍ॅडॅप्टर मागवून त्या माझ्या मिररलेस कॅमेऱ्याला लावल्या. समोरून आत पाहिलं तर तिन्हींच्या अ‍ॅपर्चरची पाती (प्रकाश आत सोडणारं छिद्र लहानमोठं करणारी) वेगवेगळी. ५० मध्ये सहा, हेलिओसमध्ये आठ, आणि १३५ मध्ये पंधरा. पंधरा मोजताना दोनदा चुकले, शेवटी मोबाइलवर फोटो काढून तो मोठा करून मोजली.

मग रात्री अंगणात प्रयोग केला. तुळशीपुढे पणती ठेवली, मी तीन मीटरवर बसले. मागे शेजाऱ्यांच्या गडग्यावर दिव्यांची माळ होती, माझ्यापासून साधारण पंधरा मीटरवर. फोकस पणतीवर. तिन्ही लेन्स एफ/४ वर (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान). ५० ने मागचे दिवे चक्क षटकोनी दाखवले, मधाच्या पोळ्यासारखे. १३५ ने गोल, पौर्णिमेच्या चंद्रासारखे. हेलिओसने अष्टकोनी, पण प्रत्येक अष्टकोनाची एक बाजू आत दबलेली. शिवाय ५० ची पाती बंद करताना लगेच येत नाहीत, सावकाश सरकतात.

तिन्ही घेऊन एका शहरातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने सांगितलं, "सहा पाती म्हणजे हलका माल. ही ५० मला द्या, बदल्यात १३५ फुकट साफ करून देतो." मी दिली नाही. कारण बाबांची वही. ते प्रत्येक रोलची नोंद ठेवत. एका पानावर लिहिलंय : "मुलगी, हातात दिवा. १३५, पूर्ण उघडी." हे समजलं. पण त्याच रात्रीची पुढची नोंद : "देऊळ व घाट, समोरच्या काठावरून. ५०, अकरा, स्टँड, आठ मोजणे." हाताशी पंधरा पात्यांची लेन्स असताना, आणि हेलिओसही असताना, बाबांनी त्या फोटोसाठी सहा पात्यांची का निवडली असेल? ते हलक्या मालावर रोल खर्च करणारे नव्हते.

माझे प्रश्न असे. पाती जास्त म्हणजे लेन्स चांगली, हे खरं आहे का? हेलिओसची दबलेली बाजू दुरुस्त होते का? आणि पौर्णिमेला मी कोणती लेन्स लावू?

---

गणिताचा मास्तर (फोंडा)

बाय, तुझं अंगणातलं मोजमाप वाचून फार बरं वाटलं. अंतरं लिहिलीस म्हणून उत्तर देता येतं. मी निवृत्त गणित शिक्षक, आणि मंगेशीच्या दीपमाळेचे फोटो गेली कित्येक वर्षं काढतो आहे.

आधी गोलाईचं बघू. सरळ पात्यांनी केलेलं छिद्र म्हणजे सुसम बहुभुज. मध्यापासून कोपऱ्याचं अंतर १०० धरलं तर बाजूच्या मध्यापर्यंतचं अंतर किती, यावर ते किती गोल दिसेल हे ठरतं. षटकोनात ते ८७ येतं. अष्टकोनात ९२. पंधरा बाजूंना ९८. म्हणजे सहावरून आठवर गेलीस तर डोळ्याला स्पष्ट फरक दिसतो, आठवरून पंधरावर गेलीस तर अजून चांगला, पण पंधरावरून वीसवर गेलीस तर ९८ चे ९९ होतात, तो फरक फोटोत कुणालाही दिसणार नाही. काही लेन्समध्ये पात्यांची कड वक्र असते, तिथे सात पातीही बऱ्यापैकी गोल दिसतात, निदान छिद्र एकदोन स्टॉप, म्हणजे एकदोन पायऱ्या, लहान करेपर्यंत.

पण हे सगळं छिद्र लहान केल्यावरचं. तुझ्या बाबांच्या नोंदीत "पूर्ण उघडी" हे दोन शब्द आहेत, त्यांच्याकडे लक्ष दे. लेन्स पूर्ण उघडली की पाती कडेला दडतात आणि प्रकाशाला दिसते ती फक्त काचेची गोल कड. तेव्हा सहा काय, आठ काय, पंधरा काय, सगळ्यांचे दिवे फ्रेमच्या मध्यभागी गोलच. तुझी षटकोनवाली ५० एफ/१.८ वर लावून बघ, मधाचं पोळं नाहीसं होईल.

उघड्या लेन्सची एक अडचण सांगतो. कडेच्या दिव्यांचा प्रकाश तिरका येतो, तो लेन्सच्या नळीच्या पुढच्या-मागच्या कडांनी कापला जातो, आणि दिवे बदामाच्या आकाराचे होतात. हेलिओसमध्ये हे बदाम मध्याभोवती रिंगण धरतात. काहींना ते फार आवडतं. देवळाच्या फोटोत मला ते नको वाटतं, तिथे दिवे स्थिर हवेत. एफ/२.८ ते ४ पर्यंत बंद केलं की बदाम गोल होत जातात, पण तोवर पात्यांचे कोपरे उगवलेले असतात. पंधरा पात्यांचं खरं मोल या मधल्या जागेत आहे. तिथे बदामही जातो आणि कोपराही दिसत नाही.

दिव्याचा आकार केवढा येईल तेही आधी काढता येतं. लेन्सच्या उघडलेल्या तोंडाचा व्यास म्हणजे फोकल लांबी भागिले एफ-आकडा. हेलिओस एफ/२ वर २९ मिमी, एफ/४ वर साडेचौदा. तुझी १३५ एफ/२.८ वर ४८ मिमी. मागचा दिवा खूप लांब असेल तर त्याची चकती फोकसच्या जागी ठेवलेल्या पट्टीवर मोजली असता नेमकी तेवढ्याच मिलिमीटरची दिसते. तुझा दिवा पंधरा मीटरवर आणि पणती तीनवर, म्हणजे दिवा पणतीच्या मागे पंधरातले बारा मीटर, म्हणून त्याचे चार पंचमांश : १३५ ला सुमारे ३८ मिमी, हेलिओसला २३. दिवा धरलेल्या मुलीच्या चेहऱ्याशेजारी ३८ मिमीची प्रकाशाची चकती कशी दिसेल, डोळ्यांपुढे आण. बाबांनी १३५ का घेतली ते कळेल.

आता ५०, अकरा, आठ मोजणे, म्हणजे एफ/११ आणि आठ मोजेपर्यंत शटर उघडं. तिथे दिवे अस्पष्ट करायचेच नव्हते, सगळं स्पष्ट हवं होतं. छिद्र लहान केल्यावर प्रत्येक सरळ कडेवरून प्रकाश त्या कडेला काटकोनात, दोन्ही अंगांना पसरतो. प्रखर दिव्याभोवती त्याचे किरण दिसतात. सहा कडांचे बारा किरण व्हावेत, पण समोरासमोरच्या कडा समांतर असल्याने त्यांचे किरण एकमेकांवर पडतात आणि सहाच उरतात, ठळक. आठ पात्यांचे आठ. विषम संख्येला समांतर जोडीदार नाही, म्हणून पंधरा पात्यांचे तीस, आणि तेवढ्यांत वाटला गेल्यावर एकेक किरण इतका फिका की दिव्याभोवती नुसतं धुकं जमल्यासारखं वाटतं. घाटावरच्या बल्बांना ठसठशीत चांदण्या हव्या असतील तर तुझ्या तीन लेन्सांत सहा पात्यांचीच योग्य. माझा अंदाज असा की बाबांना हे पक्कं माहीत होतं. त्या रात्रीची प्रिंट घरात असेल तर भिंग घेऊन किरण मोज.

---

पेडण्याहून

सरांशी सहमत. माझा मामा बोटीवर होता, त्याने आणलेली निक्कोर ५० मिमी एफ/१.८ एआय-एस माझ्याकडे आहे. सात पाती. दशावताराच्या मंचावरच्या दिव्यांना एफ/११ वर बरोबर चौदा किरण येतात, मोजलेत.

आणि ताई, ५० कुणाला देऊ नका.

---

जुनी लेन्स दुरुस्ती (म्हापसा)

ताई, पात्यांची संख्या आणि दर्जा यांचा संबंध जोडणाऱ्याने लेन्स आतून बघितलेली नाही, एवढंच म्हणतो. मी या कामात तेवीस वर्षं आहे.

संख्या कशावरून ठरते ते सांगतो. तुमच्या हेलिओसला दोन रिंगा आहेत. एक कटकट करत आकड्यांवर थांबते, दुसरी गुळगुळीत फिरते. याला प्रीसेट म्हणतात. आधी आकडा लावायचा, उघड्या लेन्सने फोकस करायचा, मग दुसरी रिंग हाताने फिरवून छिद्र त्या आकड्यापर्यंत आणायचं. तुमची १३५ तशीच. बंद करण्याचं काम माणसाचं बोट करतं, त्यामुळे घाई नाही आणि जोराला तोटा नाही. म्हणून कारखान्याला पंधरा पाती घालणं परवडायचं. रशियन ज्युपिटर-९ मध्येही पंधरा आहेत, ताइर-११ए मध्ये वीस.

पेंटाकॉन ५० ऑटो आहे. तिच्या मागे एक बारीक पिन आहे ना? फिल्मच्या कॅमेऱ्यात तुम्ही उघड्या लेन्समधून बघता, बटण दाबलं की आरसा उचलताना कॅमेरा ती पिन ढकलतो आणि शटर उघडायच्या आत पाती जागेवर यावी लागतात. सेकंदाच्या बारीकशा तुकड्यात. प्रत्येक पातं दुसऱ्यावर घासतं, जितकी पाती तितकं घर्षण. म्हणून ऑटो लेन्स आल्या तशी पाती कमी झाली. हेलिओसच्याच घरात बघा : मूळ चंदेरी हेलिओस ४४ ला तेरा पाती, तुमच्या ४४-२ ला आठ, पुढे ऑटो ४४एम-४ ला सहा. मूळ रचना तीच, झाइसच्या बायोटारवरून घेतलेली. काच बिघडली म्हणून पाती कमी झाली नाहीत, तिच्याकडून मागितलेलं काम बदललं. तुमच्या १३५ चंही तसंच, त्याच नावाच्या नंतरच्या ऑटो लेन्समध्ये सहा पाती आहेत. अनेकजण ऑनलाइन ती घेतात आणि पंधरा पात्यांचे गोल दिवे येत नाहीत म्हणून माझ्याकडे येतात. घेण्याआधी समोरून, छिद्र अर्धं बंद केलेला फोटो मागवा, एवढंच सांगतो.

५० ची पाती सावकाश सरकतात ते तेलामुळे. फोकसच्या आट्यांत ग्रीस असतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटाच्या आत ते वर्षानुवर्षं तापतं, त्यातलं तेल सुटतं आणि पात्यांवर येतं. टॉर्च मारा, पाती कोरड्या काळ्या कागदासारखी दिसायला हवीत, तुमची चकचकतील. प्रीसेट लेन्सला थोडं तेल चालून जातं, कारण बोट ढकलतं. ऑटोच्या स्प्रिंगला ते जड होतं. कृपा करून त्यात फटीतून स्पिरिट किंवा लायटरचं पेट्रोल सोडू नका, तेल विरघळून काचेवर जाईल आणि मग धुकट थर बसेल. पात्यांवर वंगण कधीच घालायचं नसतं, ती कोरडीच चालतात.

हेलिओसची दबलेली बाजू हा वेगळा आजार. प्रत्येक पात्याच्या दोन टोकांना दोन बारीक खिळे असतात, एक वरच्या बाजूला, एक खालच्या. एक स्थिर भोकात बसतो, दुसरा फिरणाऱ्या रिंगेच्या खाचेत. तेलाने पाती एकमेकांना चिकटलेली असताना कुणी रिंग जोरात फिरवली की एखादा खिळा भोकातून निसटतो, किंवा पातंच जरा वाकतं. निसटला असेल तर सोपं आहे. खिळाच तुटला असेल तर दुसऱ्या मेलेल्या ४४-२ मधून पातं काढावं लागतं. काम वेळखाऊ आहे. आठही पाती काढून पुसायची, पुन्हा एकेक रचायची, आणि शेवटचं पातं पहिल्याच्या खाली सरकवायचं. तिथे हात हलला की सगळी उधळतात आणि पहिल्यापासून सुरुवात.

तोवर ती रिंग फिरवू नका. पूर्ण उघडी ठेवून खुशाल वापरा, उघड्या लेन्सला दबलेलं पातं दिसतच नाही.

एक विचारायचं होतं. बाबा वापरत होते तेव्हाही दबकी बाजू होती का? जुन्या प्रिंटमध्ये दिसली तर पातं वाकलेलं असण्याची शक्यता जास्त, नसेल तर कपाटात पडून चिकटलं असेल. मला आधी कळलं तर बरं पडेल.

आणि त्या चामड्याच्या पिशव्या आजच बाहेर काढा. चामडं पावसाळाभर ओल धरून ठेवतं आणि काचेवर बुरशी तिथूनच येते. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्या-मुंबईच्या दुकानातले सल्ले इथे पुरत नाहीत. झाकण घट्ट बसणारा डबा घ्या, त्यात सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवायचे.

---

वाळवंटीकाठ (साखळी)

सर, भाई, पेडण्याचे दादा, तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लागले, कारण प्रिंट शोधत होते.

सापडल्या. आईच्या पेटीत, लग्नाच्या अल्बमच्या खाली, एका लिफाफ्यात. लिफाफ्यावर बाबांच्या अक्षरात "त्रिपुरी ९६".

आधी हेलिओसचं. त्या लिफाफ्यात होडी सजवणाऱ्या दोन मुलांचा फोटो आहे, मागे दिव्यांच्या चकत्या. वहीत त्याची नोंद "हे. ४" अशी आहे. चकत्या अष्टकोनी आहेत आणि सगळ्या बाजू सरळ, एकही दबलेली नाही. म्हणजे भाई, पातं नंतर सरकलं. मला आठवतं, दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने ती लेन्स खेळायला घेतली होती आणि "हे फिरत नाही" म्हणून जोर लावला होता. तेव्हा मला काही कळलं नव्हतं. शुक्रवारी मला म्हापशाच्या बाजाराला यायचंच आहे, हेलिओस आणि ५० दोन्ही घेऊन येते.

सर, तुमची ५० ची गोष्ट अंगणात करून पाहिली. एफ/१.८ वर षटकोन गेले, मधले दिवे गोल आले, आणि कडेचे बदाम. तुम्ही लिहिलं होतं तसंच. मग १३५ एफ/४ वर लावून तीच माळ पुन्हा काढली आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून आईला दाखवले. तिने १३५ वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे तुझ्या बाबांचे दिवे." मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

पौर्णिमेसाठी असं ठरवलंय. माझी पुतणी सात वर्षांची आहे, ती पाण्याजवळच्या पायरीवर दिवा घेऊन बसेल, मी तीन मीटरवर. १३५, आधी पूर्ण उघडी, मग एफ/४. मागे नदीतले दिवे हलत असतील, म्हणून एकाच फोटोवर विसंबणार नाही.

आणि देवळाचा फोटो. ९६ ची ती प्रिंट पोस्टकार्डाएवढी आहे, रंग थोडे लालसर झालेत. समोरच्या काठावरून काढलेला घाट, पाण्यात देवळाचं प्रतिबिंब, हलल्यामुळे रेघा झालेल्या होड्या. घाटावर तारेला बांधलेले बल्ब आहेत, मी अकरा मोजले. बाबांचंच भिंग घेतलं, ज्याने ते निगेटिव्ह बघायचे. प्रत्येक बल्बाला सहा किरण आहेत.

काल रात्री ५० एफ/११ वर ठेवून आमच्या वाटेवरच्या खांबाचा दिवा काढला. पाती सरकायला वेळ लागला, थांबले. स्टँड बाबांचाच होता. आठ मोजले. सहा आले.